पोकू राणीचं चित्र आणि दुखवट्याची साडी

आबिदजान, आफ्रिका

सौ. दैवशाला हिस,

मी बरा आहे. काजूच्या कारखान्यातलं काम ठीक चाललंय. आईचे गुडघे कसे आहेत?

इथं ऑफिसात बावुले लोकांच्या पोकू राणीचं चित्र लावलंय. मागं शत्रू आणि पुढं नदी होती, तेव्हा प्रजेसाठी तिनं स्वतःचं लेकरू नदीला दिलं म्हणतात. मला ते बघवत नाही. आपण सोनूला दिलं नव्हतं. योगीराजच्या फुटक्या नावेनं तो येलदरी धरणात बुडाला.

आता योगीराज दुखवट्याची साडी घेऊन "वहिनी, झालं गेलं सोडा" म्हणतोय. साडी घेऊ नकोस. घेतलीस तर त्याला माफ केलं असंच गाव धरेल. दारातूनच सांग, "सोनूचा बाप कोर्टाच्या तारखेला यायलाय."

वेळेवर जेवत जा. नाव फुटकी हे त्याला ठाऊक होतं. ते भर कोर्टात त्याच्याच तोंडून वदवणार आहे.

तुझा,
रामकिशन