तीन बरोबर सात

नाशिक, श्रावणातला दुसरा सोमवार, १९९८. संध्याकाळ.

तीन बरोबर सात. धाकट्या सुमनने समीकरण सोडवून कागदावर हे लिहिलं आणि मी ओरडलोच, "काहीतरी चुकलंय. परत कर."

"आप्पा, दोन्हीकडचे दोन एक्स उडाले. उरलं ते हे."

स्वतः करून पाहिलं. तेच. पुस्तकातच चूक असेल म्हणालो. आमच्या गावच्या शाळेत प्रत्येक गणिताला उत्तर असायचंच, नाही आलं तर छडी.

ती हसली. "ह्याला उत्तरच नाहीये, आप्पा. तसं लिहिलं की पूर्ण मार्क."

पूर्ण मार्क? उत्तर नाही म्हणून?

थोरली मंदा कळवणला सासरी. मूल होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी मीच तिला म्हणालो, मागच्या श्रावणातल्या सोमवारच्या उपवासांत काही चुकलं असेल, परत धर, पाणीही न पिता. आज दुपारी ती चक्कर येऊन पडली. शेजाऱ्यांकडे जावयांचा फोन आला होता.

परत कर. परत धर. दोन्ही मुलींना मी एकच सांगत होतो की काय?

तीन बरोबर सात. कितीही वेळा करा.

महादेवापुढे दिवा लावला. आज मागितलं काहीच नाही. आता कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर जातो. मंदाला सांगतो, पोरी, पाणी पी, जेवून घे. तुझं काहीही चुकलेलं नाही.