शंभर फुटांच्या बाहेर

शुक्रवार, २० फेब्रुवारी

साडेएक्क्याण्णव फूट! माझ्या पॅरोल अधिकारी प्रॅटबाईंनी स्वतः फीत लावून मोजलं. चर्चच्या हॉलमधल्या माझ्या कढईपासून शेजारच्या संग्रहालयातल्या माझ्या जुन्या चिलखतापर्यंत साडेएक्क्याण्णव. पॅरोलच्या कागदावर किमान शंभर लिहिलंय. त्यांनी फीत गुंडाळली, चष्मा वर सरकवला – "मिस्टर साबादोश, तुम्ही आत्ता या क्षणी गुन्हा करताय." माझ्या हातात पिठात बुडवलेला मासा होता. तो ठेवू की सोडू ते कळेना.

पुडे बांधणारा, अग्निशमन दलातला बड म्हणाला, "बाई, तो काय भिंतीतून हात घालून ते चिलखत चढवणार आहे?" प्रॅटबाई म्हणाल्या, एकदा भिंतीतून हात घातलाच होता त्यांनी.

मग फादर लिओनार्ड, बड आणि मी, तिघांनी मिळून कढई, गॅस, टेबल, सगळं हॉलच्या दुसऱ्या टोकाला ओढत नेलं. एकशे चौदा फूट. बाईंनी सही केली आणि जाताना एक पुडा मासे घेऊन गेल्या, पैसे देऊन.

हे नवं टोक म्हणजे मागचा दरवाजा. पुडे तिथूनच देतात. हे माझ्या नंतर लक्षात आलं. आता झोप कसली येते!

रविवार, २२ फेब्रुवारी

चालून आलो. धक्क्यापर्यंत गेलो आणि परत. पुन्हा गेलो. पाय एका जागी ठरत नाहीत.

बुधवार, २५ फेब्रुवारी

लिहून काढतो. डोक्यात फिरत राहण्यापेक्षा बरं.

दर शुक्रवारी सव्वापाचला लॉरेटा हॅवलिक पुडा न्यायला येते. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत मटण वर्ज्य, म्हणून अख्खं पोर्ट हॅलस शुक्रवारी मासेच खातं, तसं तीही. आजवर मी हॉलच्या पुढच्या टोकाला असायचो, ती मागून यायची आणि जायची. आता ती माझ्यापासून दोन हातांवर उभी राहणार.

माझ्या पॅरोलमध्ये तिच्याबद्दलही एक ओळ आहे. मी आपणहून तिच्याशी बोलायचं नाही. एक शब्दही नाही. ती आधी बोलली तर उत्तर देता येतं. बस्स.

रे हॅवलिक तिचा नवरा. बँकेत पहारेकरी होता. मी बँकेची मागची भिंत उपटली – बॅटरीवर चालणाऱ्या त्या यांत्रिक चिलखतात होतो, पुठ्ठा फाडावा तशी उपटली – आणि भिंत त्याच्यावर पडली. मी पिशवी उचलली, सरोवरात उतरलो आणि नेहमीसारखा तळावरून चालत निघून गेलो. पोलीस वर नावा घेऊन शोधत होते. मला तेव्हा हसू आलं होतं. हसू!

पेपरवाल्यांनी मला नाव ठेवलं होतं – घण. मला आवडायचं ते. कात्रणं ठेवायचो.

बारा वर्षं आत काढली. वकिलाने कोर्टात सांगितलं, भिंतीमागे माणूस आहे हे माझ्या अशिलाला कळणं शक्यच नव्हतं. सगळ्यांनी मानलं. मीही मान खाली घालून ऐकलं.

शक्य होतं. चिलखताच्या काचेत उष्ण गोष्ट लाल दिसते. भिंतीमागे लाल ठिपका होता. मी मनाशी म्हटलं, हीटर असेल. जानेवारी होता. हीटर असणारच. पण हीटर हलत नाही, आणि तो ठिपका हलला होता. जरासा, पण हलला होता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला तिला सांगायचंय. माफी बिफी नंतर. आधी हे.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आली. मागच्या दाराशी उभी राहिली. करडा कोट, हातमोजे काढले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. बडला म्हणाली, "कोशिंबीर जास्त घाल, मागच्या वेळी बोटभर होती." बड म्हणाला, "तुझ्यासाठी परसातला कोबी कापून आणतो, लॉरेटा."

मी तळत राहिलो. सहा तुकडे करपले. बड नंतर म्हणाला, "घण्या, भिंती पाडायचास ते बरं होतं, निदान मासे तरी वाचायचे." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चिडलो असतो. बडचं चालतं.

सोमवार, २ मार्च

तिची मुलगी कॉरीन धक्क्यावर भेटली. गळ आणि आमिषाचं दुकान चालवते. बाप गेला तेव्हा वीसेक वर्षांची असेल. तिच्याबद्दल कागदावर काही लिहिलेलं नाही, तरी मीच रस्ता बदलला. ती मागून ओरडली, "माझ्याशी बोललास तर काही होत नाही तुला! विचारलंय मी तुझ्या त्या बाईला!"

मी थांबलो. ती म्हणाली, "आई तुझ्या हातचे मासे खाते, एवढं लक्षात ठेव. फेकून देत नाही." आणि आमिषाची बादली उचलून निघून गेली.

दिवसभर तेच घोळतंय. फेकून देत नाही म्हणजे काय? म्हणजे काहीच नाही. मासे फेकून कोण देतं!

शुक्रवार, ६ मार्च

आली. पुडा घेतला. निघाली. दारात थांबली आणि वळली – मला वाटलं, बोलणार! झारा तसाच हातात. ती बडला म्हणाली, "वारा फिरतोय. कॉरीनला सांग उद्या बर्फावर जाऊ नको. माझं ती ऐकत नाही." आणि गेली.

बड म्हणे, कोण ऐकतंय. या गावात मार्चमध्ये सगळे हेच करतात. गोठलेल्या सरोवराच्या बर्फाला चीर गेली की तिच्यावर फळी टाकायची आणि पलीकडे जाऊन खोपटीत गळ टाकून बसायचं. शेवटच्या आठवड्यातले मासे मोठे असतात म्हणतात. बडचा बाप तसंच करायचा, आजोबाही. दक्षिणेचा वारा सुटला की फळी पाण्यात आणि माणसं बर्फाच्या तुकड्यावर बसून कॅनडाकडे! दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी जातंच. परत आले की वर्षभर तीच गोष्ट सांगतात.

मंगळवार, १० मार्च – जिल्ह्याचा तुरुंग

वही आज परत मिळाली. सगळं एका बैठकीत लिहायचंय.

शनिवारी सकाळी नऊला भोंगा वाजला. धक्क्यावर गेलो तर अख्खं गाव तिथे. धुकं. बर्फ सुटला होता. अकराजण वाहून गेले होते आणि त्यांत कॉरीन. त्यांचा तुकडा पाव मैलावरच्या बुडीत खडकाला टेकून अडकला होता. मधेमधे धुकं विरळ झालं की खोपट्या दिसायच्या. वाऱ्याचा जोर वाढला की तुकडा खडकावरून सुटणार, मग खुलं सरोवर. हेलिकॉप्टर धुक्यामुळे उडेना. बड आणि अग्निशमनवाल्यांनी दोनदा बोट घातली. मधल्या पाण्यात बर्फाचे ठोकळे, वल्ही चालेनात, बोट दोन्ही वेळा धक्क्याकडेच ढकलली गेली. बड ओरडत होता, "पलीकडे एक दोर बांधलेला असता तर धरून ओढत गेलो असतो रे!"

मी मागे उभा होतो. नियमाप्रमाणे. लॉरेटा पुढे होती.

ती गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. कोटाची बटणं उलटसुलट लावलेली. म्हणाली, "तू तळावरून चालत जायचास ना?"

पहिले शब्द. तेरा वर्षांनी. हो म्हटलं.

"मग उभा काय राहिलायस?"

मी प्रॅटबाईंना फोन केला. का केला कोण जाणे, सवय. म्हणाल्या, "चिलखताला हात लावलात तर उरलेली चार वर्षं आत. मला लिहावंच लागेल, मिस्टर साबादोश. मी तिकडे निघालेच आहे." मी म्हटलं, या.

संग्रहालयाचं कुलूप बडने कुऱ्हाडीने तोडलं. चिलखतात एक पुतळा भरला होता, माझ्यापेक्षा बराच देखणा. तो काढून बाजूला ठेवला. अग्निबंबाच्या बॅटऱ्या जोडल्या, त्यांच्या हवेच्या टाक्या लावल्या. उजवा गुडघा कुरकुरला आणि चालू झाला. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? त्या घाणेरड्या गोष्टीत पाय घातल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं.

चिलखत पाठीमागून बंद होतं. आतल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. आठ बोल्ट, बाहेरून दुसऱ्या कुणीतरी आवळायचे. पूर्वी त्यासाठी एक माणूस ठेवला होता, तो आता या जगात नाही. बडची माणसं बोटीकडे आणि दोराच्या रिळाकडे पळाली होती. लॉरेटाने पाना उचलला. "कुठल्या बाजूला फिरवायचा?"

उजवीकडे, म्हटलं.

ती आवळायला लागली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त पाठीत पाना फिरल्याचं कळत होतं आणि तिचा श्वास ऐकू येत होता. मनात आलं, मी परत आलो नाही तर? आलो तर हे लोक मला आत टाकतील, ती परत कधी बोलेल? आणि मी बोललो. त्या वेळी! तिची पोर बर्फावर, आणि मला माझं ओझं उतरवायची घाई!

म्हटलं, "लॉरेटा, त्या दिवशी काचेत ठिपका दिसला होता. भिंतीमागे. हलत होता. मी थांबलो नाही."

पाना थांबला. मग ती म्हणाली, "झालं. जा."

कमरेला दोर बांधून उतरलो. खाली गढूळ हिरवं, डोक्यावर बर्फाचं पांढरं छत. दोर जड. शंभर पावलांवर पाठीला गार लागलं. पाणी आत येत होतं. म्हटलं, तेरा वर्षांचं जुनं रबर, कुजलं असणार. मागे फिरायचा विचार आला नाही हे काही शौर्य नाही, दोर इतका जड होता की वळताच आलं नसतं.

खडक लागला. चढलो. हात पाण्याबाहेर निघाला आणि वरून कुणीतरी पकडला. कॉरीन. पालथी पडून हात घातला होता तिने. ओरडत होती, "बांधायला काही नाही! खोपट्या उपटून येतायत!" मग मीच खांब झालो. खडकाच्या भेगेत पाय रोवले, दोर मुठीला गुंडाळला आणि उभा राहिलो. बडने दोर धरून बोट आणली. तीन खेपा. आत पाणी आधी कमरेला, मग छातीला, शेवटी हनुवटीला आलं. तिसऱ्या खेपेला बडने वरून चिलखतावर तीनदा ठोकलं – सगळे गेले.

परतीचं फार आठवत नाही. मान वर करून चाललो. नाकाला हवा एवढीच. धक्क्याच्या उताराशी पडलो, तिथे माणसांनी आकडे टाकून ओढलं. पाठ उघडल्यावर बादलीतून ओतल्यासारखं पाणी आलं. पहिल्या प्रॅटबाई पोचल्या. आधी घोंगडी टाकली, मग बेड्या. म्हणाल्या, "हात गार आहेत हो तुमचे."

लॉरेटा कॉरीनला मिठी मारून उभी होती. माझ्याकडे पाहत होती. मुलगी परत मिळालेल्या बाईसारखा चेहरा नव्हता तो. भूत पाहिल्यासारखा होता.

शुक्रवार, २० मार्च

चार वर्षं. पूर्ण. न्यायाधीशबाई म्हणाल्या, त्यांना वाईट वाटतं. गावाने अर्ज केला होता, तीनशे सह्या. बडने सगळ्या वाचून दाखवल्या. लॉरेटाची नव्हती.

चालेल. मी ते सांगितल्यावर ती सही कशी करेल?

शुक्रवार, ३ एप्रिल

गुड फ्रायडे. जेवणात मासा होता. कच्चा राहिलेला! बडला कळलं तर दार फोडून येईल. इथे चालायला अकरा पावलं. अकरा तिकडे, अकरा इकडे.

आपण बरं केलं की वाईट, तेच कळत नाही. दोर नेला ते बरं. बोललो ते? तिला आता रात्रंदिवस तो ठिपका दिसत असेल. एवढीच भेट दिली मी तिला.

शनिवार, १८ एप्रिल

लॉरेटा आली होती. काचेपलीकडे बसली, फोन उचलला आणि पाठ केल्यासारखं एका दमात बोलली – "सात बोल्ट आवळले. तुझं ते ऐकलं आणि आठवा सैलच ठेवला. मुद्दाम. जाताना चिलखत टिकेल, येताना पाण्याने भरेल, असं वाटलं. तू माझ्या मुलीला आणायला जात होतास आणि मी हे केलं. मला माफ कर."

तेरा वर्षं मी एकच बाजू घोकली होती, माफी मागायची; द्यायची नाही. मी म्हटलं, "पाणी फार गार होतं, लॉरेटा." ती रडायला लागली, मग मीही. पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं, तरी तिने फोन ठेवला नाही.