कुकाऱ्याला उत्तर

प्रिय राखी,

तू टाकून दिलेला लॅपटॉप अजून जिवंत आहे, हे आधी सांगतो, म्हणजे निदान सुरुवात तरी हसत वाचशील. रविवारच्या तुझ्या फोनबद्दल लिहायचंय, पण ते शेवटी. "भंगारात घाला आप्पा" म्हणून तू हुबळीला गेलीस आणि मी तुझंच पायथनचं पुस्तक उघडून बसलो. रेडिओ दुरुस्त करायला तरी मला कुणी शिकवलं होतं? उघडायचं, बघायचं, पुन्हा लावायचं. आता मी एक प्रोग्रॅम लिहिलाय. लहानसाच, काळ्या पडद्यावर चालतो, चित्रबित्र काही नाही. नाव ठेवलंय कुकारा.

का ते तुला सांगायला नको. तिन्हीसांजेला समोरच्या डोंगरावरून इंदुबाई कुकारा घालायची, लांबूनच 'कूऽऽ' करून खुशाली विचारायची, आणि आपण अंगणातून "बरं हाय" म्हणून ओरडायचो. घरात ताप असो, म्हैस मेलेली असो, उत्तर तेच. फणसावरून पडून हात मोडलास त्या दिवशीही तू डोळे पुसून "बरं हाय" ओरडली होतीस. तरी इंदुबाई निर्गुडीचा पाला घेऊन डोंगर उतरून आली. तिनं शब्द ऐकलेच नव्हते, आवाज ऐकला होता.

माझा प्रोग्रॅम यंत्राला तसाच कुकारा घालतो. त्याचं नाव टाइप करून एंटर दाबलं की मेमरी किती मोकळी, डिस्कवर जागा किती, बॅटरीत दम किती, सगळं समोर येतं. यंत्र स्वतःची खबर आपल्याच फायलींत लिहून ठेवत असतं. मी फक्त ती वाचून नीट मांडतो. आणि सगळ्यात वर मी ओळ घातली, "बरं हाय". कुकाऱ्याचं उत्तर दुसऱ्या कशानं सुरू होणार? आपल्या वाडीतल्या कुणाच्याही हातून तेच लिहिलं गेलं असतं.

मग इंदुबाईची सून फुला प्रदर्शनाला पाठवायचे कंदांचे फोटो मोबाइलमधून लॅपटॉपवर उतरवायला आली. मी कुकारा घातला, पहिली ओळ वाचली, खालचं वाचलंच नाही. डिस्क गळ्यापर्यंत भरलेली. निम्मे फोटो उतरले, निम्मे वाटेतच गेले, आणि बाईनं मोबाइलमधले तोवर पुसून टाकलेले. मला म्हणते, "मामा, तुमचं यंत्र आपल्यातलंच निघालं की. मरताना बी बरं हाय म्हणतंय." बिचारीनं कणग्यांचे ते कंद पुन्हा धुऊन मांडले आणि नव्यानं फोटो काढले. दिवसभर टोमणे मात्र फुकट.

त्याच दिवशी दुरुस्ती केली. आता ते आधी तपासतं, मग बोलतं. जिथं दुखतंय तेच पहिल्या ओळीत येतं. सगळं ठीक असेल तरच "बरं हाय", आणि तेही सगळ्यात शेवटी. थोड्याच ओळी बदलल्या, पण आजवर लिहिलेल्यांत मला त्याच आवडतात. आता चांगलं चालतंय, फुलाला विचार.

दर रविवारी मी कॅसलरॉक स्टेशनापाशी रेंज धरून उभा राहतो आणि तू म्हणतेस, "बरं हाय आप्पा." आपली रेंज तुला ठाऊक आहे. शब्द पोचतात, आवाज तुकडे तुकडे होऊन येतो, त्यातून इंदुबाईसारखं मला काही ओळखता येत नाही. पण गणपतीपासून जावईबापूंचं नाव तुझ्या तोंडून आलेलं नाही, आणि या रविवारी मी विचारायच्या आतच फोन ठेवलास. चूक कुणाची ते मी विचारणार नाही. आईनं तुझी खोली सारवून ठेवलीय. का सारवतेस म्हणून मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. यायचं असेल तर ये, मी गाडीला हजर असेन. नाही जमलं, तरी रविवारी फोन कर. मात्र बाय, पहिली ओळ सोडून दे. दुसरीपासून सांग.

तुझाच,
आप्पा