तुझ्या हातचे उलटे वेढे

प्रिय देवका,

नाव लिहितानाच हात अडला बघ. लग्नात बायांनी दार अडवून धरलं तेव्हा एकदा घेतलं होतं तुझं नाव. त्यानंतर सारा संसार 'अगं' आणि 'ऐकलं का' एवढ्यावरच झाला. आता तू नाहीस, तर 'प्रिय' लिहून राहिलो! तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "हे कोणाले लिवून राह्यले जी, तहसीलदारीनले का?"

तुलाच लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. चिचगडहून तुझ्या भावाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायचो आणि तू दम द्यायचीस, "जसं लिवलं तसंच वाचा, आपल्या मनाचं घालू नका." आज तसंच लिहितो. मनाचं काही घालत नाही.

सकाळी सेनबाबू आले होते. मालगोदामातले ते बंगाली बाबू, गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडी कांडी फिरवणारे. तू त्यांना 'निजल्या वीणेवाले' म्हणायचीस. गिटार टेबलावर ठेवून म्हणाले, "मिस्त्री, परसों बिलासपुर जा रहा हूँ, बदली हो गई. और देखो, ये गूंगी हो गई!"

आणि मी काय बोललो ठाऊक आहे? गिटार न उघडता, चहाचा कप हातात धरून सहज बोलून गेलो, "पुराना वाइंडिंग है बाबू, अंदर तार टूटी होगी."

बाबू गेले. मग डोक्यात शिरलं, की वाइंडिंग म्हणजे तारेचे वेढे, आणि ते तर तुझ्या हातचे! दोन वर्षं झाली तुला जाऊन, तरी दोष द्यायची वेळ आली की माझं बोट तुझ्याकडेच जातं. काय माणूस आहे मी!

आता गिटार समोर पडली आहे आणि मला स्क्रू फिरवायची हिंमत होत नाही. तार आत तुटली असली तर सगळे वेढे उकलावे लागतील. ती केसासारखी तार एकदा उकलली की पुन्हा गुंडाळता येत नाही, तुकडे होतात. आणि तुझ्या हातचं या घरात आता उरलंय तरी काय? लोणचं संपलं. चुलीमागच्या भिंतीवर सारवताना उमटलेली तुझी बोटं होती, ती धुरानं गेली. राहिले ते हे वेढे. तेसुद्धा आज माझ्याच हातानं सोडू? म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशी बोलावं. आज गिरणी बंद आहे, उजेड चांगला आहे.

आठवतं का, ते खूळ कसं सुरू झालं? बिरशीच्या हवाईपट्टीवरचं लढाईच्या वेळचं भंगार विकायला निघालं होतं. त्यातून मी सैनिकांचे मोडके हेडफोन आणले, चुंबकाच्या पट्ट्या आणल्या, बारीक तारेची रिळं आणली. तू कपाळाला हात लावलास. "लोक बाजारातून भाजी आणतेत, आमच्या घरी पलटनीचे कान आले!"

सेनबाबूंना बिजलीची गिटार पाहिजे होती. कलकत्त्याहून मागवायची ऐपत नव्हती. मी छाती ठोकून म्हटलं, मी करून देतो. भाताच्या गिरणीच्या मोटारी भरणारा माणूस मी, मला एक पिकअप जड आहे का? चुंबक ठेवायचं, त्याभोवती तारेचे हजारो वेढे द्यायचे, ते गिटारच्या तारांखाली बसवायचं आणि वायर रेडिओच्या मागे, तबकडीची पिन जोडतात तिथे खुपसायची. झालं!

कसलं झालं! माझी बोटं मोटारीच्या जाड तारेची. ही तार हात लागताच तुटायची. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी शिवी दिली आणि तू बिड्यांचं सूप बाजूला सारलंस. "सरका जी. दिवसाले हजार बिड्या वळते मी, फाटलं पान कोनतं ते डोये मिटून सांगते."

मी गुंडाळणीचा दांडा फिरवायचो आणि तू दोन बोटांच्या चिमटीतून तार सोडायचीस. दर शंभर वेढ्यांना सुपात एक चिंचोका. मी तार बघत नव्हतो, तुझी बोटं बघत होतो. एवढी वर्षं त्याच बोटांनी वाढलेलं जेवलो आणि कधी पाहिलीच नव्हती. शेवटी तू बिडीच्या लाल दोऱ्यानं तारेचं टोक बांधलंस, बिडीला बांधतेस तसंच.

पहिल्यांदा गिटारची तार छेडली आणि रेडिओतून आवाज आला, तेव्हा तू दोन पावलं मागं सरकलीस. मग जवळ येऊन वाकून वाकून पाहिलंस. "तार चुंबकाले शिवत नाई, चुंबक तारेले शिवत नाई. मंग त्याले सांगते कोन जी?" पुस्तकातलं शब्दानं सांगता येतं, पण कोण सांगतं ते अजूनही नाही सांगता येत, देवका.

पण त्या आवाजामागं भुंगा होता. भूंऽऽऽ! विजेच्या तारांची ती भुणभुण आपल्या कॉइलमध्ये, म्हणजे त्या वेढ्यांत, शिरायची आणि गिटारपेक्षा मोठी ऐकू यायची. मी काय काय नाही केलं! रॉकेलचा डबा कापून पत्रा लावला. अंगणात खड्डा करून मीठ-कोळसा घातला, सळई पुरली, अर्थिंग दिलं. तू दारातून म्हणालीस, "मीठ पेरून राह्यले, आता पापड उगवतीन का?" भुंगा हलला नाही.

मग मी ठरवलं, दोन कॉइल लावू. आवाज दुप्पट होईल आणि भुंगा त्याखाली दबेल. दुसरं कॉइल तू एकटीनं भरलंस, मी गिरणीत होतो. घरी आलो, दोन्ही जोडली, तार छेडली. काहीच नाही! मुकं. हेडफोन आणि टॉर्चचा सेल घेऊन बसलो. तार सलग असली की कानात 'टक्' वाजतं. पहिल्याला टक्, दुसऱ्यालाही टक्. एकेकटं लावलं तर दोन्ही बोलायची, आणि जोडी लावली की गप्प. शेवटी भिंग धरून पाहिलं तर दुसऱ्याचे वेढे उलटे! तू दाराच्या उजेडासाठी पलीकडच्या अंगाला बसली होतीस आणि जात्यासारखा दांडा आपल्याकडे ओढून फिरवला होतास.

आणि मी ओरडलो. तुला आठवत असेल. मला तर विसरताच येत नाही. "उलटे फेरे कायले घेतले तू? घरात कोनी मेलं का?"

तू सुपापाशी जाऊन बसलीस, पान कापायला घेतलंस. मी दातओठ खात होतो. थोड्या वेळानं तिकडूनच आवाज आला, मान वर न करता. "भुनभुन बी गेली ना जी."

मी म्हटलं, "काय?"

"काय काय? आवाज गेला म्हनून बोंबलून राह्यले. भुंगा बी तं गेला. तो काऊन गेला ते पाहा ना."

मी ऐकलं असं वाटतं तुला? नाही ऐकलं. दुसऱ्या कॉइलच्या दोन वायरी आपसात बदलल्या. आवाज आला, दणदणीत आला! आणि भुंगाही आला, तोही दुप्पट. तू हसलीस. "घ्या! दोघंबी आले."

मग तू उठून आलीस. हात पदराला पुसलेस आणि जे बोललीस ते आजही शब्दाला शब्द पाठ आहे मला. "तुमीच म्हनता, गाना चुंबकामुळं येते अन् भुनभुन नुसत्या तारेतून येते. दोन बैल तोंड उलटं करून जुपले तं गाडी जागची हालत नाई, तसे वेढे भुनभुनले अडवून राह्यले. मंग वेढे राहू द्या तसेच. चुंबक पालटा."

वायरी होत्या तशा केल्या. दुसऱ्या कॉइलचं चुंबक काढून उलटं बसवलं. रेडिओ लावला. काहीच ऐकू येईना, मला वाटलं बंदच आहे. एवढी शांतता त्या पेटीतून मी कधी ऐकली नव्हती. भिंतीवर पाल चुकचुकली तीही ऐकू आली. तू बोटानं एक तार छेडलीस.

काय आवाज होता गं तो! स्वच्छ, भरलेला, तळ्याच्या पाण्यासारखा नितळ. आपण दोघं एकमेकांकडे बघत उभे, आणि ती तार आपली वाजतेच आहे, वाजतेच आहे. चौथी शिकलेला मिस्त्री मी आणि शाळेचं तोंड न पाहिलेली तू! जगात दुसऱ्या कोणाला सुचलं असेल-नसेल, मला ठाऊक नाही. आपल्या घरात ते तुला सुचलं.

सेनबाबूंनी वाजवून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. "मिस्त्री, ये तो जादू है! किसने सोचा?" तू चहा घेऊन दारात उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, "बस, हो गया साहब."

हो गया! असं कसं होतं गं आपोआप? बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीत नाही, असं मी मनाशी म्हटलं. खोटं आहे ते. नाव न घेताही 'घरवालीने' म्हणता आलं असतं. मला मोठं व्हायचं होतं, एवढंच. तू काऊन भांडली नाहीस माझ्याशी? इतर वेळी मीठ कमी-जास्त म्हटलं तरी खवळायचीस! त्या दिवशी नुसते कप उचलून नेलेस.

मग भादव्यात तू तापानं गेलीस. आपल्याला लेकरू नाही, म्हणून मडकं माझ्याच खांद्यावर आलं. महाराज म्हणाले, "उलटे फिरा." पहिल्याच फेऱ्याला माझे पाय थिजले. लोकांना वाटलं दुःखानं थिजले. मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. त्या तीन फेऱ्यांत मी तुझी किती वेळा माफी मागितली! पण जिवंतपणी एकदाही नाही.

बरं, आता थांब. उघडतो. बघू काय होते ते.

उघडलं, देवका.

पत्र तसंच ठेवून बसलो होतो, आता ऊन अंगणात पार पलीकडे गेलं. तुला सगळं सांगतो.

सेल लावला. पहिलं कॉइल टक्. दुसरं गप्प. तुझंच, उलट्या वेढ्यांचं. म्हटलं, गेलं. तरी आधी बाहेरचं टोक पाहावं म्हणून तुझा लाल दोरा हळूच सरकवला. त्याखाली माझा डाग होता. तुझ्या तारेला जाड वायर जोडताना मी दिलेला कथलाचा डाग. त्याच्याभोवती हिरवं चढलेलं, तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की चढतं तसं. नखानं हलवलं, तर डाग अलगद हातात आला.

तेजाबानं खाल्लं होतं! मोटारीच्या तारेला लावायचो तेच तेजाब घाईत या तारेला लावलं होतं मी. आणि तू माहेरून आणलेली राळ पुढं करून म्हणाली होतीस, "राळ लावा जी. तेजाबानं बोट भाजते, तं ही तार नाई भाजनार का?" मी काय म्हटलं? "तू मले शिकवू नको."

एकच वेढा सोडला. टोक घासून चकचकीत केलं, सेल लावला. टक्!

काय सांगू तुले! रिकाम्या घरात एकटाच ओरडलो, "सलग हाय! तार सलग हाय!" तुझे सगळे वेढे शाबूत आहेत. एकही तुटला नाही. तुझा हात पक्का होता, कच्चा होता तो माझा डाग. सकाळी मी दोष कोणाला दिला आणि निघाला कोणाचा!

या वेळी राळ लावून डाग दिला. डबीत होती तुझी अजून. घर देवळासारखं वासानं भरून गेलं. तुझ्या सुपातलं लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि बांधलं, तुझ्यासारखं काही जमलं नाही. मग रेडिओ लावला. तीच शांतता. तार छेडली, आणि तू पुन्हा समोर उभी राहिलीस.

तो सोडलेला एक वेढा, बोटभर तार, मी ठेवून घेतली. कॉइलच ठेवून घ्यावं, बाबूला नवीन भरून द्यावं, असं मनात येऊन गेलं, लपवत नाही. पण ठेवून करू काय? मुकं ठेवण्यापेक्षा बिलासपूरला वाजू दे.

उद्या सकाळी बाबू न्यायला येतील. वाजवतील, आणि मागच्यासारखंच म्हणतील, "जादू है, मिस्त्री!" तुला वचन देतो, या वेळी 'हो गया' म्हणणार नाही. चारचौघं असोत की भरला फलाट असो, तुझं नाव घेईन. म्हणीन, "बाबू, ये देवका ने सोचा, देवका ने लपेटा. मेरी घरवाली. मैंने तो खाली टाँका लगाया था, और वही छूट गया."

तुझा,
आत्माराम