टेम्पररी म्हणजे नक्की किती दिवस

तीर्थरूप मामांना,

सातव्या नोकरीतल्या भाच्याचा, जमेल तेवढा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमची कंबर, मामींचा गुडघा आणि दुकानाचं शटर, तिन्ही आता आवाज न करता वरखाली होत असतील असं धरून चालतो. (कुरकुर शटरचीच सगळ्यात कमी होती, पण हे मामींना वाचून दाखवू नका.) मी निघालो तेव्हा तुम्ही दारात उभं राहून बजावलं होतंत, की ही नोकरी गेली तर पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही. ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो आहे. आधी सगळं ऐकून घ्या, मग पावलाचं काय ते ठरवा.

तुमच्या ओळखीने मी पाणीखात्याच्या तक्रार-कचेरीत चिकटलो. हातात पडलेल्या कागदावर माझ्या नावापुढे एकच इंग्रजी शब्द होता, टेम्पररी. शाळेत हा शब्द शिकवला त्या दिवशी मी बहुधा शाळेच्या भिंतीवर बसलो होतो (भिंतीच्या बाहेरच्या अंगाला), म्हणून हेडक्लार्कना अर्थ विचारला. ते म्हणाले, "आज आहे, उद्या नाही, त्याला टेम्पररी म्हणतात." मी परतीच्या गाडीची वेळच विचारणार होतो. पण ते बसले होते त्या खुर्चीला चौथ्या पायाच्या जागी तीन विटा होत्या. विटांचं विचारलं तर म्हणाले, "त्या टेम्पररी आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हापासून." हेडक्लार्क पुढच्या वर्षी रिटायर होतात. माझा जीव भांड्यात पडला.

मग मला नादच लागला. कामापेक्षा शब्द शिकण्यात गोडी जास्त, हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. जिन्याची पाचवी पायरी म्हणजे एक फळी होती, टेम्पररी. साहेबांची केबिन म्हणजे एका उन्हाळ्यापुरतं उभं केलेलं प्लायवुडचं पार्टिशन होतं. तो उन्हाळा कुठला, हे आता कुणालाच सांगता येत नाही. टायपिस्टबाई चौदा वर्षं डबा खिडकीत ठेवतात, कारण त्यांची इथली बदली टेम्पररी आहे आणि एवढ्यासाठी कपाट काय मागायचं. आणि मुख्य म्हणजे मागच्या भिंतीतला जाडजूड पाइप. त्याच्या सांध्याला फिटरने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. "टेम्पररी आहे हां," असं म्हणून त्याने तिच्यावरून असा हात फिरवला, की पोटच्या पोरीवरून फिरवावा. याउलट कायमचं म्हणून बसवलेलं दाराचं कुलूप वर्षात मोडलं होतं. मी मनाशी पक्कं केलं, की या कचेरीत टेम्पररीइतकं टिकाऊ दुसरं काही नाही आणि तुमच्या भाच्याचं आयुष्य मार्गी लागलं.

चार महिने असे सुखात गेले. मग मोठे साहेब तपासणीला येणार असं पत्र आलं. आमच्या साहेबांनी मला शंभर चिठ्ठ्या दिल्या आणि म्हणाले, "टेम्पररी असेल त्या प्रत्येक वस्तूवर एक लाव. सकाळी हमाल येऊन सगळं गोदामात नेतील. तपासणी झाली की परत आणू." मामा, त्यांच्या मनात दोन मोडकी बाकं आणि एक ड्रम होता. पण हे त्यांनी सांगायला हवं होतं की नको? मी गेले चार महिने याच विषयाचा अभ्यास करत होतो. चिठ्ठ्या कमी पडल्या.

सकाळी हमाल आले. (ही माणसं फार सरळ असतात, चिठ्ठी दिसली की उचलतात.) विटा गेल्या, हेडक्लार्क तिरपे झाले. फळी गेली. पार्टिशन गेलं आणि आतले साहेब बनियनवर शर्टाचं बटण शिवताना साऱ्या कचेरीला दिसले. पाइपची पट्टी मात्र सुटेना. दोन हमालांनी पाय भिंतीला लावून ती ओढून काढली.

पाणी घोट्याला लागेपर्यंत कुणी कुणाला दोष दिला नाही. व्हॉल्व्हची चावी फिटरकडे, फिटर गावात, आणि तक्रारीचा नंबर पडल्याशिवाय फिटरला बोलवायचं नाही हा खात्याचा नियम. टायपिस्टबाईंनी पाय खुर्चीवर घेऊन नोंदवहीत आमच्याच कचेरीची तक्रार लिहून घेतली आणि सवयीने साहेबांना सांगितलं, "पंधरा दिवसांत माणूस येऊन बघून जाईल." तेवढ्यात मोठे साहेब आले. पाचवी पायरी नाही हे त्यांना चौथीवरून वर पाय टाकताना कळलं. वर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की हे कुणी केलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आमचे साहेब बटण लावत म्हणाले, "तो टेम्पररी आहे, सर."

तासाभरात माझ्या हातात पत्र पडलं. त्यानंतर हमालांनी फळी, विटा, पार्टिशन सगळं होतं तिथे आणून ठेवलं, फिटरने नवी पट्टी गुंडाळली. हेडक्लार्क मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तीस वर्षांत या कचेरीतून गेलेली पहिली टेम्पररी गोष्ट तूच बाबा."

तर शब्दाचा अर्थ असा शिकलो. तुमचा शब्द मात्र माझ्यामुळे खाली पडला, याचं वाईट वाटतं. हे वाक्य विनोदात घेऊ नका.

तुमचा आज्ञाधारक (होण्याच्या बेतात असलेला),
भाचा

ता. क. दुकानावरची खोली रिकामी आहे का? राहणं अगदी टेम्पररीच असेल.

ता. क. २. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुमच्या दुकानातल्या माणसाच्या हाती देतो आहे. मी समोरच्या बाकावर ट्रंक घेऊन बसलो आहे. पाऊल अजून घरात टाकलेलं नाही.

ता. क. ३. मामींनी मला गॅलरीतून पाहिलं. आत जाऊन कापसाची जाड गादी आणली आणि कठड्यावर उन्हाला टाकली. दोन दिवसांच्या पाहुण्याला त्या चटई देतात. मामा, आता मलाच थोडी भीती वाटायला लागली आहे.