तिसरी पाठपिशवी

७ फेब्रुवारी १९७१, रविवार
बापू सकाळच्या एसटीने राहात्याहून आला. सौ.चा धाकटा भाऊ, कांद्याचा व्यापारी, पाय मात्र घोड्याचे. चटईवर नकाशा पसरून केदारच्या वाटेवरच्या चट्ट्या मोजल्या. मला ही चट्टीची पद्धत फार आवडते. दुकानदाराकडून डाळ-तांदूळ घ्यायचे, त्याच्याच माडीवर झोपायचं, तंबूबिंबूचं लोढणं नाही. १८ वर्षं फळ्यावर निळ्या खडूने हिमालय काढतोय आणि स्वतः मनमाडच्या उत्तरेला गेलेलो नाही! यंदा मे महिन्यात जायचंच. मी, बापू, दस्तगीर.
चहा पिता पिता बापू म्हणाला, "दाजी, चट्टीवर नाव-गाव-जात समदं इचारत्यात म्हनं. दस्तगीरभाईंचं काय करायचं?"
मी नकाशाची घडी घातली. म्हटलं, केदारला गर्दी फार असते, दुसरी वाट बघू. बापू हसला. मला राग आला, पण कुणाचा ते कळेना.

९ फेब्रु., मंगळ
शाळा सुटल्यावर दस्तगीरच्या दुकानात. मिलिटरीच्या जीपचं हूड शिवत होता. तोंडात सुई धरून बोलतो, वीस वर्षं सांगतोय की एक दिवस गिळशील.
"केदार रद्द," मी म्हटलं. "गर्दी."
"तुला रे कधीपासून गर्दीचं भ्या?" एवढंच. पुढे विचारलं नाही.
मग अर्ध्या तासाने स्वतःच म्हणाला, हूडवाला हवालदार आहे ना, कुमाऊंचा, त्याच्या गावावरून पिंडारी हिमनदीची वाट जाते. चुलत्याचं चहाचं दुकान आहे, वर दोन खोल्या. चालायचे आठ दिवस, वाटेवर चिटपाखरू नाही. पत्ता त्याने आधीच घेऊन ठेवला होता, बिलाच्या पाठीमागे.
लगेच पत्र टाकलं. सुटलो असं वाटलं. सगळं आपोआप मिटलं.

२१ फेब्रु., रवि
कळसूबाई. सरावासाठी. काल संगमनेर-अकोले करत पायथ्याला पोचलो, आज पहाटे चढलो. बापू पुढे, मी मधे धापा टाकत, दस्तगीर सगळ्यात मागे, कारण मी पडलो तर धरायला कुणीतरी हवं असं त्याचं म्हणणं. माथ्यावर वारा असा की टोपी गेली. उजव्या गुडघ्यात कळ. कुणाला सांगितलं नाही.
उतरताना वाडीत एका म्हातारीच्या दारात पाणी मागितलं. दस्तगीर नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभा राहून आधी म्हणाला, "आजी, मी दस्तगीर शेख, नगरचा." मग तांब्याला हात लावला. किती गड झाले, किती घरं झाली, याचं हे चुकलेलं नाही. मागे एकदा मी वैतागून विचारलं होतं, कशाला? तर म्हणाला, "नंतर कुणाला फसवल्यासारखं नको वाटायला."
म्हातारी म्हणाली, "आसशील. नाव काय प्यायचंय व्हय? बस की सावलीला. चा टाकते."
काही घरांत बसा म्हणत नाहीत. तेव्हा तो बाहेर बसतो, आणि मी त्याच्याबरोबर बाहेर बसतो. असं आजवर चालत आलं.

२ मार्च, मंगळ
चहावाल्याचं कार्ड आलं. हिंदीत, अक्षर वळणदार. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाट उघडते, जागा आहे. पण घरात आई म्हातारी, सोवळं-ओवळं फार मानते, आणि चूल एकच. तेव्हा किती जण, नावं काय, कोण लोक, एवढं कळवावं. माणूस सज्जन वाटतो. विचारलंय ते सरळ विचारलंय.
कार्ड दस्तगीरला दाखवायला हवं होतं. खिशात ठेवून त्याच्या दुकानावरून सायकलने पुढे गेलो.

४ मार्च, गुरु
परवाच बापूला चहावाल्याचं कळवलं होतं, उलट टपाली त्याचं पत्र. "दाजी, एक नाव लिहायचं तर काय एवढं. आठ दिवसांचा प्रश्न. तिथं कोण वळखतंय."
लिहिलं. वसंत गाडे, मास्तर. बापूसाहेब वाकचौरे, व्यापारी. दिनकर पवार.
दिनकर हे नाव कुठून सुचलं कोण जाणे. सहावीत आमच्या बाकावर एक होता.
चौकातल्या पेटीत टाकलं. टाकल्यावर हात आत घालून कार्ड निघतं का ते पाहिलं. निघत नाही.

५ मार्च, शुक्र
दस्तगीरला आज-उद्यात सांगून टाकू. हसेल. चार शिव्या देईल आणि हसेल.

८ मार्च, सोम
सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं.

१४ मार्च, रवि
शिरगणतीचं काम सुरू झालंय. दारोदार. घरात माणसं किती, वय, शिक्षण, धर्म. लोक सांगतात तसं जसंच्या तसं लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, अशी सक्त सूचना आहे. आज झेंडी गेटाजवळ एकाने "लिहा तुम्हाला काय वाटतं ते" म्हटलं, तर मी त्याला पाच मिनिटं भाषण दिलं. घरी येऊन ते भाषण आठवलं आणि जेवण गेलं नाही.
सौ. उद्या आठ दिवसांसाठी माहेरी, राहात्याला. तिलाही सांगितलेलं नाही.

१९ मार्च, शुक्र
घराला कुलूप असलं की पोस्टमन आमचं टपाल दस्तगीरच्या दुकानात टाकतो. ही सोय मीच लावलेली, आणि मीच विसरलो.
संध्याकाळी शिरगणतीची पिशवी घेऊन दुकानात टेकलो. त्याने गल्ल्याखालून कार्ड काढून दिलं. उघडं कार्ड. चहावाल्याचं. तिघांची जागा राखून ठेवली आहे, आणि शेवटी: हवालदारने लिखा था कि उसके हूडवाले मिस्त्री दोस्त भी आ रहे हैं, सो दिनकर पवारजी को मेरा नमस्ते कहें.
मी दोनदा वाचलं. वर बघायची हिंमत होईना.
"तुझ्या दिनकररावांना नमस्कार आलाय," तो म्हणाला, आणि मशीन सुरू केलं.
मी काहीतरी बोललो. म्हातारी आई, एकच चूल, आठच दिवस. मशीनच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. त्याने शिवण संपवली, दोरा तोडला.
"केदार रद्द केलंस, ते गर्दीसाठीच ना मास्तर?"
मी हो म्हणालो. हो म्हणालो! अजूनही.

२१ मार्च, रवि
दस्तगीरकडे गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून स्वतःलाच सांगितलं.

२३ मार्च, मंगळ
सौ. आली. सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "त्यांना विचारून लिहिलं असतं तर?"
"तो नको म्हणाला असता."
"मग तुम्हाला ठाऊक होतं."
बापूने सुचवलं हे खरं, पण पेन माझं होतं.

२८ मार्च, रवि
दुपारी दस्तगीर सायकलवर वाटेसाठी शिवलेल्या तिघांच्या पाठपिशव्या घेऊन आला. भिंगारच्या जुन्या बाजारातला मिलिटरीचा कॅनव्हास, दुहेरी शिवण, पट्ट्यांना आतून नमद्याची मऊ लोकर. असं काम पुण्यात मिळायचं नाही. चहा घेतला नाही. सौ.ने आग्रह केला तर म्हणाला, "वहिनी, रोजचाच आहे की. आज घाई आहे." घाई कसली, रविवारी दुकान बंद असतं.
तो गेल्यावर पाहिल्या. झाकणावर पांढऱ्या दोऱ्याने नावं घातलीत. व. गाडे. बा. वाकचौरे.
तिसरीवर दिनकर पवार. पूर्ण नाव, सगळ्यांत सुबक अक्षर.
पिशवी मांडीवर घेऊन किती वेळ बसलो माहीत नाही. लाज वाटली. इतकी लाज बापाने भर बाजारात मारलं होतं तेव्हाही वाटली नव्हती.

२९ मार्च, सोम
शाळेआधी दुकानात. पिशवी समोर ठेवली.
म्हटलं, "हे उसव."
"का? तूच घातलंस. मी फक्त शिवलं."
"दस्तगीर, चुकलं माझं."
त्याने तोंडातली सुई काढली. मग जे बोलला ते आठवेल तसं उतरवतोय. "मास्तर, त्या चहावाल्याच्या म्हातारीने मला आत घेतलं नाही तर मला वाईट वाटणार नाही. तिचं घर आहे. मी वीस वर्षं बाहेर बसलोय, तू सोबत बसलास. मला ते बसणं चांगलं वाटायचं. आता वाटतं, तुला तेव्हाही आतच जायचं होतं."
नाही रे, असं म्हणायला तोंड उघडलं. निघालं नाही. कारण एखाद्या वेळी, पावसात, थंडीत, वाटलं होतं.
घंटा झाली असेल म्हणून पिशवी उचलून पळालो. सातवीला आज हिमालय होता. नद्या काढल्या आणि धडा वाचायला लावला.

३ एप्रिल, शनि
बापू आला होता बाजाराला. त्याचं म्हणणं सोपं: "भाईंना न्हाई पटत तर ऱ्हाऊ द्या. आपन दोगं जाऊ. जागा राखल्याली हाय." वर म्हणे तिकिटं लवकर काढा, सुट्टीत मिळायची न्हाईत.
मी विचार करतो म्हणालो. आणि खोटं कशाला लिहू, केला. आठ दिवस, बर्फाची शिखरं, डोळ्यांनी. माझं वय ४३, गुडघा हा असा. पुढल्या वर्षी चढता येईल की नाही देव जाणे. तासभर मनाने दस्तगीरशिवाय जाऊनसुद्धा आलो. मग उठून तोंड धुतलं.

४ एप्रिल, रवि
चहावाल्याला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. शेवटी थोडक्यात. तिसऱ्या माणसाचं नाव मी खोटं कळवलं होतं. त्याला न विचारता. तो दस्तगीर शेख, तोच हवालदाराचा मिस्तरी, मुसलमान, माझा वीस वर्षांचा मित्र. आईंना चालणार नसेल तर मोकळेपणाने कळवा, राग नाही.
पेटीत टाकायच्या आधी त्याच्या घरी गेलो. झुबेदा भाभींनी दार उघडलं. नेहमी "आओ मास्तर" म्हणतात, आज नुसत्या बाजूला झाल्या.
मी म्हटलं, उत्तर आलं की दाखवतो. दस्तगीर म्हणाला, "ते काय लिहितात ते त्यांचं. तू काय लिहिलंस ते दाखव."
दाखवलं. सावकाश वाचलं, बोट फिरवत. एका जागी थांबला. "'त्याला न विचारता' हे मुद्दाम घातलंस?"
"हो."
कार्ड परत दिलं. "टाक."
येतो की नाही ते बोलला नाही. मी विचारलंही नाही.

१२ एप्रिल, सोम
उत्तर नाही. परीक्षेचे पेपर आलेत. दुकानावरून रोज जातो, हात करतो, तोही करतो. वीस वर्षांत एकमेकांना लांबून हात कधी केला नव्हता.
बापूला कळवलं की तिकिटं एवढ्यात काढत नाही. त्याचं उलट पत्र: मग तो राहात्याच्या दोघांबरोबर केदारलाच जातो म्हणतो. जाऊ दे.

१७ एप्रिल, शनि
दस्तगीरचा निरोप, शेजारच्या सायकलवाल्याकडून: तिसरी पिशवी पाठवून दे.
सौ. म्हणाली, चांगलं लक्षण. मला तसं वाटेना. स्वतः नेऊन द्यायची हिंमत झाली नाही, सायकलवाल्याकडेच दिली.

२२ एप्रिल, गुरु
सौ. हळदीकुंकवाला, मी शाळेत, घराला कुलूप. परतताना दस्तगीरने दुकानातून हाक मारली. "मास्तर, पत्र आलंय."
आत गेलो. कार्ड मेजावर पालथं, त्यावर कापड कापायची मोठी कात्री. बाजूला तिसरी पिशवी. नाव उसवलंय. सुईची भोकं दिसतात, दुसरं काही घातलेलं नाही.
"काय लिहिलंय?"
"वाचलं नाही."
उघडं कार्ड आणि दिवसभर वाचलं नाही. मी हात पुढे केला तर त्याने कात्रीवर हात ठेवला.
"आधी सांग. नाही म्हणत असतील तर?"
मी म्हटलं, "तर तंबू."
"तंबूला कापड किती लागतं, काढलंस?"
"नाही."
"मी काढलंय. सात वार." हिशेबाचा कागद सरकवला. खडूने आखलेला तंबू, लहानसा. दाराशी त्याच्या अक्षरात एक आकडा, १.
"हे तर एकट्याचं झालं," मी म्हणालो.
"व्हय. तू माडीवर. मी बाहेर. आता तुला सांगून बसतो, एवढंच."
माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पाहिलं, मीही लपवलं नाही. खडू उचलला. १ खोडला, २ लिहिला.
तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू घोरतोस." आणि टेप काढून नव्याने मोजायला घेतलं. मी टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.
कार्ड अजून कात्रीखालीच आहे.