अप्पांची दाढ आणि माझा प्रबंध

अप्पा, आज एका पेशंटची दाढ दुसऱ्यांदा उघडली आणि सडक्या नसेचा भपकारा मास्कमधूनही नाकात शिरला. शी! इतकी वर्षं हेच काम करतेय, तरी मान वळवलीच. गेल्या खेपेला आत चुन्याचं औषध भरलं होतं. विचारलं, "दवा से आराम रहा ना?" गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, तरी बिचारा म्हणतो, "हाँ डाक्टर साहब, बहुत आराम." मला त्या वासापेक्षा माझ्या विचारण्याची किळस आली.

कॉलेजातला माझा प्रबंध याच औषधांवर होता. रूट कॅनालच्या दोन खेपांमध्ये दातात काय ठेवलं की दुखणं लवकर उतरतं: चुना, की तीन अँटिबायोटिक खलून केलेला लेप? पेशंटनं रोज संध्याकाळी चिठ्ठीवर दुखण्याचा शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. पेशंट कमी पडले तेव्हा दूधविनायकाच्या आपल्या घरून तुम्हीच कॉलेजात आलात. कुणाला कोणतं औषध, त्या सोडतीत तुम्हाला चुना निघाला. "जन्मभर पानाला लावला, आता दाढेला लाव," म्हणून हसलात. मग जेवताना हळूच विचारलंत, "तुझ्या सरांना कोणतं जिंकायला हवंय गं?" आणि मी मूर्ख, सांगून बसले.

झालं. तुम्ही रोज 'एक' लिहायला लागलात. तिसऱ्या दिवशी पोळी बाजूला सारून ताकभात गिळताय. आई चिडते, "अहो, गोळी तरी घ्या!" तुम्ही म्हणता, "नको, पोरीचं गणित बिघडेल." पाठशाळेत एक स्वर चुकला तर पोरांना उठाबशा काढायला लावणारे तुम्ही, आणि मुलीसाठी धडधडीत खोटं! कुणी मागितलं होतं? अजून राग येतो तुमचा. प्रबंधात चुना जिंकला, सरांनी पाठ थोपटली, आणि तेव्हापासून मी तोच भरतेय.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितेय. पाचव्या दिवशी सकाळी तुमचं अथर्वशीर्ष मध्येच थांबलं. तापातही कधी थांबलं नव्हतं. मी चहा गाळत होते, तशीच देवघराच्या दाराशी आले. तुम्ही पंचा तोंडात कोंबून, डोळे मिटून बसला होतात. मी हाक मारली नाही. माघारी फिरले आणि फळीवरची आदल्या संध्याकाळची चिठ्ठी उघडून पाहिली. 'एक'च होता. मला हायसं वाटलं, अप्पा.